गोरेगावच्या बर्फात कुळथाची पिठी

गार्गी फोनवर गोड बोलली, पण जयवंतला जे कळायचं ते कळलं.

"काका, या वेळी तुम्ही दगदग नका करू. एका कंपनीची तयार पाकिटं मिळतात. गरम पाणी ओतलं की झालं. मी थोडी मागवलीयत."

"म्हणजे आमची पिठी नको."

"नको असं नाही हो. पण काकू होत्या तेव्हाची गोष्ट वेगळी होती. तुम्ही आराम करा."

"रिटायर झाल्यापासून आरामच चाललाय," जयवंत म्हणाला. "मी करतो. खाऊन बघा, मग ठरव."

गार्गी म्हणाली, "बरं. रविवारी गोरेगावला आहोत आम्ही सगळे. घेऊन या."

गार्गी आणि तिचा भागीदार मिहिर माणसांना डोंगरात घेऊन जात. एका वेळी आठ, नववा नाही. तेही जिथे कुणी सहज जात नाही अशा जागी: भर थंडीतलं लडाख, स्पितीच्या मागची खोरी, रस्ता संपल्यावर पुढे पायी चालायच्या वाटा. लग्नाआधी गार्गी कांदिवलीला जयवंतच्या वरच्या मजल्यावर राहायची. कॉलेजात असताना ती पहिल्यांदा हिमालयात निघाली तेव्हा जयवंतच्या बायकोने, मालनने, तिला डबाभर कुळथाची पिठी बांधून दिली होती. भाजलेलं कुळथाचं पीठ, लसूण, मिरची, कोकम, सगळं आधीच परतून कोरडं केलेलं. उकळतं पाणी घालायचं आणि ढवळायचं. गार्गी परत आली ती थेट यांच्याच दारात उभी राहिली. पोरांनी नूडल्स टाकून पिठी खाल्ली म्हणे, भांडं चाटूनपुसून.

मालन तेव्हा हसली होती. पण पुढे गार्गीने धंदा सुरू केल्यावर तिने ते काम मनावर घेतलं. दर थंडीत कांदिवलीच्या त्या दोन खोल्यांतून पिठी, पोह्यांचा चिवडा आणि खिचडी पाकिटांत भरून हिमालयात जायची. मालन स्वतः उत्तरेला नाशिकच्या पुढे कधी गेली नव्हती. बर्फ तिने पाहिला तो फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर. पण लग्नकार्यात गावची माणसं भेटली की सांगायची, "माझी पिठी अठरा हजार फुटांवर जाता!" माणसं हसायची. त्यांना वाटायचं, मालन थापा मारते. जयवंतला मात्र तेव्हा छाती फुगवून उभं राहावंसं वाटायचं.

आषाढात मालन गेली. ताप आला, उतरला, परत आला आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं. जयवंत अजून तिचा मोबाइल रोज चार्ज करायचा. गॅस सिलिंडरचे मेसेज त्यावर येतात, असं तो मुलाला, निलेशला, सांगायचा.

तर आता ती पिठी तरी बंद पडायला नको, एवढंच जयवंतच्या मनात होतं. ही एक गोष्ट मालनने स्वतः उभी केली होती. ती गेल्यावर चार महिन्यांत त्या जागी कुठल्याशा कंपनीचं पाकीट जावं, हे त्याला सहन होणार नव्हतं.

सून श्वेता बँकेतून आली की दोघं मिळून ओट्यापाशी उभे राहायचे. मालनने कधी काही लिहून ठेवलं नव्हतं. तिला लिहायची गरजच नव्हती.

"बाबा, आई पीठ किती भाजायच्या?"

"वास सुटेपर्यंत."

"कसला वास?"

"भाजल्याचा गो. आणखी कसला?"

असं करत करत जमलं. आणि पहिला घाणा झाल्यावर जयवंतने खवणी काढली. दोन नारळ खवून, खोबरं लालसर भाजून त्याने पिठीत मिसळलं. आणखी थोडं असू दे म्हणून तिसरा नारळ फोडला. परतायलाही खोबरेल घेतलं, गावाहून आलेलं, घाण्याचं. त्यांच्याकडे खोबऱ्यात हात आखडणं म्हणजे पाहुण्याला उपाशी ठेवल्यासारखंच. मालनच्या नावाने जाणाऱ्या पिठीत तो हात आखडणार नव्हता. घरी गरमगरम खाल्ली तर निलेशने दोनदा मागून घेतली. "बाबा, एकदम झकास," तो म्हणाला. "आईसारखी."

त्या 'आईसारखी'वर जयवंत चार दिवस खूश होता.

रविवारी तो आणि श्वेता गोरेगाव पूर्वेला गेले, आरेच्या बाजूला, विकीच्या गोदामात. हे गोदाम आइस्क्रीमचं. विकी तिथला सुपरवायझर आणि मिहिरचा शाळेपासूनचा मित्र. मोहिमेआधी गार्गी आपल्या आठही जणांना त्या कोल्ड स्टोरेजमध्ये बसवायची. आधी आरेच्या रस्त्यांवर पाठीला ओझं लावून चालवायची आणि मग उणे वीसमध्ये आत. हातमोजे घालून बुटांच्या नाड्या बांधायच्या, तंबूच्या काठ्या जोडायच्या, पाकीट फोडून जेवायचं. ज्याला तिथे जमत नाही त्याला वरही जमायचं नाही, असं तिचं म्हणणं. शेगडी पेटवायची नाही ही विकीची अट होती, म्हणून उकळतं पाणी थर्मासमधून आत जायचं.

"बघा काका," विकी दाराशी उभा राहून सांगत होता, "निघालेत लडाखला आणि बसलेत बटरस्कॉचच्या खोक्यांवर. मागच्या वर्षी एकाने तर परत येताना फॅमिली पॅक मागितला!"

जयवंतने पाकिटं आणि थर्मास मिहिरच्या हाती दिले. आत जायला त्याच्याकडे कपडे नव्हते. पण तो सारखा दारातून डोकावतोय हे पाहून विकीने त्याला गोदामाचं जाड निळं जॅकेट दिलं. "घाला हे. आणि बाहेर थांबा. तुम्ही गारठलात तर गार्गी मला सोडणार नाही."

जयवंत ते जॅकेट घालून चहाच्या टपरीपाशी जाऊन उभा राहिला. श्वेता थर्मासमधून सांडलेलं पाणी पुसायला कापड शोधत गोदामाच्या ऑफिसात गेली होती.

थोड्या वेळाने आठांतली एक बाई बाहेर आली. साठीची असेल, नाक लाल झालेलं, हातमोजे दातांनी ओढून काढत होती. निळं जॅकेट बघून तिने जयवंतला गोदामाचाच माणूस समजलं.

"अहो, एक चहा सांगता का? साखर जास्त. माझ्या तोंडाची वाट लागलीय."

जयवंतने दोन चहा सांगितले. "का हो? काय झालं?"

"मी नीला. मुलुंडला गणित शिकवायचे. पहिल्यांदाच चाललेय, म्हटलं रिटायर झाल्यावर नाही जायचं तर कधी?" तिने ग्लास दोन्ही हातांत धरला. "आत्ता आत जेवलो आम्ही. चिवडा छान होता. खिचडी कचकचीत. आणि ती पिठी..."

"पिठीचं काय?"

"पहिले दोन घास, सांगते तुम्हाला, सुरेख. मग ती ताटलीत गार झाली आणि टाळ्याला मेणबत्ती चिकटावी तसं झालं! जीभ फिरवून फिरवून दमले. ते डॉक्टर आहेत ना, देवव्रत, त्यांनी हळूच काळ्या पिशवीत ओतली. मग मीही ओतली. मग सगळ्यांनीच."

"मग सांगितलं नाही का तुम्ही?"

"कसं सांगणार? गार्गीने आधीच बजावलंय. करणाऱ्या काकांची बायको गेलीय, कोणी नावं ठेवायची नाहीत, सगळ्यांनी झकास म्हणायचं. मी म्हणणार आहे ना झकास. ते काका दिसले की म्हणते."

जयवंतने स्वतःच्या ग्लासकडे पाहिलं. चहा तसाच होता.

तेवढ्यात दार उघडलं आणि बाकीचे वाफा सोडत बाहेर आले. पुढे डॉक्टर देवव्रत. हे घाटकोपरचे. गार्गीबरोबर चारपाच वेळा जाऊन आलेले. त्यांनी मालनच्या हातची पिठी खाल्ली होती, तिला भेटायला एकदा कांदिवलीला घरीही आले होते. ते दोन्ही हात पसरून आले.

"जयवंतराव! झकास! काय पिठी झाली होती!"

नीलाबाईंचा चेहरा पडला. त्यांनी एकदा जॅकेटकडे पाहिलं, एकदा जयवंतकडे. "अगं बाई," एवढंच त्या म्हणाल्या.

"डॉक्टर," जयवंत म्हणाला, "ती काळी पिशवी कुठे आहे?"

विकी उगीचच दाराची कडी तपासू लागला. गार्गी पुढे आली.

"काका, ऐका ना. मी ठरवलंय. तुमचीच पिठी येणार आपल्याबरोबर."

"नाही येणार."

"काका..."

"गार्गी, मला एक सांग. मालनची पिठी आजपर्यंत कुणी पिशवीत ओतली?"

गार्गीने मान हलवली. "कधीच नाही. भांडणं व्हायची उरलेल्यावरून."

"मग ही का नेतेस? मालन गेली म्हणून? तिकडे बर्फात आठ माणसं अर्धपोटी झोपणार आणि वर म्हणणार, मालनवहिनींच्या घरची आहे, जाऊ दे. तिच्या नावाने दया नको मला. तिने कधी फुकटची वाहवा घेतली नाही." त्याचा आवाज चढला होता, तो त्याने खाली आणला. "आणखी एक रविवार दे. तेव्हा कुणाची कुठली ते कुणाला सांगायचं नाही. कंपनीची पण ठेव बाजूला. ज्याची खातील ती ने."

मिहिर इतका वेळ मागे उभा होता. तो म्हणाला, "वाट्यांना दोरे बांधू. एकीला लाल, एकीला काळा. फक्त मला माहीत असेल."

"चालेल," जयवंत म्हणाला.

नीलाबाई जवळ आल्या. "अहो, मला खरंच माहीत नव्हतं..."

"बाई, तुम्ही होतात म्हणून कळलं मला. चहा प्या, गार होतोय." मग त्याला राहवलं नाही. "मेणबत्ती म्हणालात ना?"

"हो," त्या बिचाऱ्या म्हणाल्या.

"साधी की वाढदिवसाची?"

नीलाबाईंना हसू फुटलं. जयवंत मात्र हसला नाही. तो खरंच विचारत होता. कसला चिकटपणा, किती वेळाने आला, जिभेला की टाळ्याला, हे सगळं त्याने त्यांच्याकडून नीट विचारून घेतलं.

घरी परत येताना एस. व्ही. रोडला सिग्नलवर रिक्षा थांबली तेव्हा श्वेता म्हणाली, "बाबा, जानेवारीत आपली डोक्याला लावायच्या तेलाची बाटली गोठते ना?"

"मग?"

"आपण उन्हात ठेवतो खिडकीत. म्हणजे कांदिवलीच्या थंडीत खोबरेल गोठतं. तिथे काय होत असेल?"

जयवंतने कपाळावर हात मारून घेतला. तीन नारळ! वर परतायला खोबरेल! आठ माणसांना तो बर्फात मेण खायला घालत होता आणि त्याला वाटत होतं मालनचा मान राखतोय.

"पण आई तर..." श्वेता आठवायला लागली. "आई त्या पाकिटांच्या दिवसांत खवणी काढायच्याच नाहीत, बाबा. लग्न होऊन आले तेव्हा मला नवल वाटलं होतं. बाकी सगळ्यात खोबरं आणि यातच नाही."

"मला नाही बोलली कधी."

"तुम्ही ऐकलं असतं? खोबऱ्याबिगर पिठी म्हणजे काय पिठी, असं म्हणून डोकं खाल्लं असतंत त्यांचं."

हे खरं होतं. पण मनातून त्याला वाईट वाटत नव्हतं. उलट वेगळंच काही वाटत होतं. ही बाई नाशिकच्या पुढे गेली नाही. बर्फाचा एक कण तिने हातात धरला नाही. आणि गार्गी परत येऊन काय काय सांगते, कुणी किती खाल्लं, कुठे काय चिकटलं, तेवढ्यावरून ओट्यापाशी उभं राहून तिने ओळखलं की तिथे खोबरं चालत नाही. ते मुकाट काढून टाकलं. कुणाला मोठेपणा सांगितला नाही. तो रिक्षावाल्यालाच म्हणाला, "माझी बायको फार हुशार होती."

"हां, अंकल," रिक्षावाला म्हणाला आणि गिअर टाकला.

दुसऱ्या दिवशी खोबरं न घालता केली. ती मिळमिळीत झाली. कुळथाचा उग्रपणा तेवढा वर आला, गोडसर गोलाई गेली. निलेश म्हणाला, "बरी आहे," आणि दुसऱ्यांदा मागितली नाही.

"आईंनी खोबऱ्याच्या जागी काहीतरी घातलं असणार," श्वेता म्हणाली. "काय?"

जयवंत दोन दिवस आठवत राहिला. चव आठवायची, पण चवीवरून पदार्थ आठवणं त्याला कधी जमलं नव्हतं. मग एका सकाळी गच्चीवर टाकीचं पाणी बघायला तो गेला आणि कठड्यावर कबुतरं बसलेली पाहून त्याचा हात आपोआप हुसकवायला वर गेला. त्याला एकदम हसू आलं. दिवाळी झाली की मालन त्याला या गच्चीवर बसवायची. समोर परातींत उभा चिरलेला कांदा वाळत घातलेला. "पेपर वाचा, नाहीतर झोपा, पण कबुतर बसू देऊ नका." त्याला वाटायचं, घरच्या मसाल्यासाठी असेल. पण घरच्या मसाल्याला एवढा ढीगभर कांदा कशाला लागेल?

तो पायऱ्या उतरत ओरडला, "श्वेता! कांदा गो, कांदा!"

त्याने कांदा वाळवला, तेलात तांबूस तळला, कुस्करून भुकटीसारखा केला. पिठीत घातल्यावर ती गोलाई परत आली. पण तेल कुठलं? खोबरेल तर नाहीच. त्याने शेंगदाण्याचं आणि सूर्यफुलाचं तेल छोट्या बाटल्यांत घेतलं, विकीकडे गेला आणि संध्याकाळपर्यंत त्या आत ठेवायला लावल्या.

"काका, हे आइस्क्रीमचं गोदाम आहे, तुमची लॅब नाही," विकी कुरकुरला. पण ठेवल्या. संध्याकाळी शेंगदाण्याची बाटली उलटी केली तर तेल हललं नाही. सूर्यफुलाचं दाट झालं होतं, पण हळूहळू सरकत होतं. "हेच," जयवंत म्हणाला. विकीनेही बाटली हातात घेऊन दोनदा उलटीसुलटी करून पाहिली. त्याची कुरकुर थांबली होती.

पुढच्या रविवारी जयवंत आत गेला. स्वतः. विकीचं जॅकेट, निलेशची माकडटोपी, पायात दोन दोन मोजे. दाराच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या बाजूला सारून आत पाऊल टाकलं आणि नाकातला श्वास सुईसारखा टोचला. खोकी, पांढरे दिवे, पंख्यांचा घरघराट. आठ जण खोक्यांवर बसलेले.

मिहिरने वाट्या फिरवल्या. आधी खिचडी, लाल दोरा आणि काळा दोरा. मग चिवडा. मग पिठी. कुणी काही बोलायचं नव्हतं. जयवंतने ठरवलं होतं, तोंडं बघायची नाहीत. तोंडं खोटं बोलतात हे मागच्या वेळी कळलं होतं. तो फक्त वाट्या बघत होता.

पहिल्यांदा सगळ्यांनीच दोन्ही खाल्लं. मग खाणं मंदावलं, कारण वाट्या गार होत होत्या. कंपनीची पिठी नव्हती, कुळथाचं सूप होतं, दिसायला तसंच. त्याच्या काळ्या दोऱ्याच्या वाट्या हळूहळू मांडीवरून खाली गेल्या. लाल दोऱ्याच्या हातातच राहिल्या. नीलाबाई चमच्याने कडा खरवडत होत्या. डॉक्टर देवव्रतांनी चमचा बाजूला ठेवला, वाटीच तोंडाला लावली आणि मान मागे टाकली. मग वाटी खाली करून ते थोडा वेळ तिच्याकडे बघत बसले.

"मिहिर, थोडी आहे का?" त्यांनी विचारलं. "ही तर... ही मालनवहिनींची आहे."

"लाल दोरा घरचा," मिहिरने सांगून टाकलं.

"नाही, डॉक्टर," जयवंत म्हणाला. "ही माझी आणि श्वेताची. तिची याहून बरी होती."

मग सगळे एकदम बोलायला लागले. नीलाबाई उठून म्हणाल्या, "मेण नाही! अजिबात नाही! टाळा स्वच्छ!" आणि पुरावा म्हणून तोंड उघडून दाखवू लागल्या. विकी दारातून ओरडला, "अरे दार लावा रे, माझा माल वितळेल!" गार्गी जयवंतपाशी आली. तिने हातमोजे घातलेल्या हातांनी त्याचे दोन्ही हात धरले. ती खोटं बोलणार नव्हती हे तिच्या रिकाम्या वाटीवरून त्याला आधीच कळलं होतं.

"पिठी तुमची," ती म्हणाली. "चिवडा तुमचा. खिचडी मात्र, काका, खरं सांगू?"

"सांग."

"कंपनीचीच बरी आहे. तुमचा तांदूळ कच्चा राहतो."

जयवंतने समोरच्या वाट्या पाहिल्या. खिचडीच्या लाल दोऱ्याच्या वाट्या अर्ध्याच्यावर भरलेल्या होत्या. तिथे वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

"खिचडी त्यांचीच ने," तो म्हणाला. "हे बरोबर आहे."

मंडळी बाहेर चहाला गेली. श्वेता थर्मास गोळा करत होती. विकी म्हणाला, "काका, चला आता, ओठ निळे पडलेत तुमचे."

"एक मिनिट."

जयवंत बटरस्कॉचच्या एका खोक्यावर बसला. थर्मासच्या तळाशी थोडं गरम पाणी राहिलं होतं. त्याने वाटीभर पिठी भिजवली, हातमोज्यात चमचा नीट धरता येईना, तरी धरला. एक घास घेतला आणि थांबला. वाटी पुरती गार होईपर्यंत थांबला आणि मग दुसरा घास घेतला. जीभ टाळ्याला लावून बघितली. काही चिकटलं नव्हतं. कुळीथ, लसूण, कोकम, कांदा, सगळं जागच्या जागी होतं. अठरा हजार फुटांवर मालनची पिठी अशी लागत असणार, आणि ते तिने इतकी वर्षं न चाखता बरोबर करून पाठवलं होतं.

त्याने वाटी संपवली. मग दुसऱ्या बाजूला पडलेली काळ्या दोऱ्याची खिचडी उचलली, तिचाही एक घास घेतला आणि बराच वेळ चावत बसला.

"बाबा, काय करताय?" श्वेताने विचारलं.

"यांचा तांदूळ आधी शिजवून मग वाळवलेला दिसतोय," तो म्हणाला आणि गुडघ्यांवर हात टेकून उठला. "पुढल्या वर्षी खिचडी पण आपलीच जाणार."

"पुढल्या वर्षी?"

"मग काय! डबा कुठे आहे? ही थोडी घरी घेऊन जाऊ या. नीट बघायला हवी."

श्वेताने डबा पुढे केला.